बिसचं बायसन करताना: मिग-२१ च्या छोट्या मॉडेलला रेझिनचे भाग का लागतात

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये मिग-२१ ला भारतीय हवाई दलानं निरोप दिला. १९६३ साली ही विमानं दलात आली तीही चंदीगडलाच. त्या दिवसांत फोटो पाहून, चित्रफिती पाहून ज्यांना ‘आपल्या टेबलावर एक मिग असावं’ असं वाटलं, त्यांच्यापैकी काहींनी मॉडेलचं किट शोधायला सुरुवात केली असेल. आणि पहिल्याच पायरीवर ते अडले असतील. कारण निरोपाच्या वेळी दिसलेलं विमान होतं ‘मिग-२१ बायसन’, आणि दुकानात सापडतात ती बहुतेक किटं ‘मिग-२१ एमएफ’ नाहीतर ‘मिग-२१ बिस’ या त्याच विमानाच्या जुन्या प्रकारांची. जाणकाराला विचारावं, तर उत्तर मिळतं: ‘बिसचं किट घे आणि रेझिन लावून कन्व्हर्ट कर.’

या एका वाक्यात नवख्याला न कळणाऱ्या तीन गोष्टी आहेत: बिस म्हणजे काय, रेझिन म्हणजे काय आणि कन्व्हर्ट करायचं म्हणजे काय. त्या समजून घ्यायला आपल्याकडे एक चांगला आधार आहे, तो म्हणजे नाशिकजवळचं ओझर. तिथल्या एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या विमान कारखान्यात बिस बनली. पुढे १२५ बिस विमानांचं बायसन झालं. पहिली दोन रशियात निझ्नी नोवगोरोदला, बाकीची ओझरला. म्हणजे बायसन हे नवं बांधलेलं विमान नाहीच. जुन्या विमानाचा सांगाडा, पंख, शेपटी तशीच ठेवून त्यातले ठरावीक भाग काढले आणि नवे बसवले. मॉडेलचं कन्व्हर्जन म्हणजे हेच काम, ७२ पट लहान करून.

## १/७२ म्हणजे किती लहान?

१/७२ हे मॉडेलचं प्रमाण, म्हणजे स्केल. खऱ्या विमानाचं प्रत्येक माप ७२ नं भागायचं. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर आहे. मॉडेलमध्ये तो ९९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो. आख्खं लढाऊ विमान तळहातावर मावतं. १/७२ हा आकडा ब्रिटनमधून आला. तिथं १९३६ मध्ये फ्रॉग या ब्रँडची ‘पेंग्विन’ ही मॉडेलांची मालिका निघाली आणि तिनं हे प्रमाण रुळवलं. सहा फुटी माणूस बरोबर एक इंच होतो, हा त्यातला सोपा हिशेब.

आता उलटं गणित करा, कारण कन्व्हर्जनमध्ये तेच सतत करावं लागतं. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ७२ मिलिमीटर. करवतीचं पातं ०.३ मिलिमीटर जाड असेल, तर एका कापात विमानाचे दोन सेंटिमीटरहून जास्त उडाले. किटमधल्या प्लॅस्टिकची भिंत साधारण एक मिलिमीटर जाड असते. खऱ्या विमानाला सात सेंटिमीटर जाडीचा पत्रा असल्यासारखं ते झालं. उघड्या झाकणाची कड, नळकांड्याचं तोंड, हवेच्या झडपा अशा जागी हा जाडेपणा लगेच डोळ्यांत भरतो. पातळ कडा देणारं काहीतरी हवं, ही गरज इथून निर्माण होते.

## प्रत्येक प्रकाराचं किट कंपन्या का काढत नाहीत?

साध्या किटचे भाग पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. हे प्लॅस्टिक वितळवून प्रचंड दाबानं धातूच्या साच्यात भरतात. साचा कोरायला खर्च फार येतो, पण एकदा झाला की हजारो प्रती निघतात. त्यामुळे कंपनी जगभर खपेल असाच प्रकार निवडते. मिग-२१ सुमारे साठ देशांच्या हवाई दलांनी वापरलं. एमएफ किंवा बिस काढलं तर पोलंडपासून व्हिएतनामपर्यंतचा ग्राहक सापडतो. बायसन मात्र फक्त भारतानं वापरलं. त्यासाठी नवा धातूचा साचा कोरणं परवडणारं नाही.

ही पोकळी छोटे कारागीर भरून काढतात. त्यांचं माध्यम रेझिन.

## रेझिन म्हणजे काय आणि ते वेगळं कशात?

इथलं रेझिन म्हणजे पॉलियुरेथेन. दोन द्रव समप्रमाणात किंवा सांगितलेल्या प्रमाणात मिसळायचे, साच्यात ओतायचे. काही मिनिटांत रासायनिक क्रिया होऊन घट्ट भाग तयार होतो. उष्णता देणारं, दाब देणारं मोठं यंत्र लागत नाही. साचाही धातूचा नसतो, सिलिकॉन रबराचा असतो. आधी एक मूळ नमुना बनवतात, त्याला ‘मास्टर’ म्हणतात. त्याच्याभोवती रबर ओतलं की साचा तयार.

रबरी साच्याचा खरा फायदा लवचीकपणात आहे. मोदकाचा साचा आठवा. त्याच्या पाकळ्या सुबक उमटतात कारण साचा उघडताना बाहेरच्या दिशेला सरकतो आणि मोदकाला कुठे अडकत नाही. मोदकाच्या पोटात आडवी खाच हवी असेल, तर तो कडक साचा ती देऊच शकणार नाही. दिली तर उघडताना मोदक फाटेल. धातूच्या साच्याचं नेमकं हेच दुखणं आहे. रबर मात्र ताणून, वाकवून भागावरून सोलता येतं. त्यामुळे आडव्या खाचा, पोकळ्या, कागदासारख्या कडा एका तुकड्यात निघतात. बायसनच्या आर-७७ क्षेपणास्त्राचे मागचे पंख जाळीदार असतात. धातूच्या साच्यातून अशी आरपार जाळी निघणं जवळजवळ अशक्य, म्हणून पुष्कळ किटांत ती जाळी नुसती पृष्ठभागावर कोरलेली दिसते.

किंमत कुठे मोजावी लागते? रबरी साचा काही डझन प्रतींनंतर फाटायला लागतो. मग नवा करायचा. प्रत्येक भाग हातानं ओतलेला, हातानं काढलेला. म्हणून मुठीत मावणाऱ्या रेझिनच्या संचाची किंमत कधीकधी आख्ख्या किटइतकी असते. हे महागडं वाटतं खरं, पण त्या किमतीत यंत्राचा वाटा फार कमी आहे आणि माणसाच्या श्रमाचा फार जास्त. या धंद्याची मोठी परंपरा चेक प्रजासत्ताकात आहे. एडुआर्ड, आयरेस, सीएमके, पावला ही तिथली नावं मॉडेल करणाऱ्या कुणाच्याही ओळखीची.

## बिस आणि बायसनमध्ये नेमकं काय बदललं?

माझ्या मते कन्व्हर्जनचं अर्धं काम इथे होतं, आणि त्याला ना करवत लागते ना गोंद. ओझरला काय काढलं आणि काय बसवलं याची यादी तुमच्याकडे हवी.

सर्वांत ठळक बदल वैमानिकापुढच्या काचेत आहे. बिसची पुढची काच तीन भागांची: मध्ये सपाट जाड काच, दोन्ही बाजूंना एकेक तुकडा, आणि त्यांच्यामध्ये धातूच्या पट्ट्या. बायसनमध्ये या पट्ट्या गेल्या. एकसंध, वळणदार काच आली. मागचं उघडणारं झाकण, म्हणजे कॅनॉपी, बिसप्रमाणेच उजवीकडे उघडतं. विमानाचा सगळा चेहरा या एका काचेमुळे बदलतो. तुमच्याकडे एकच भाग घ्यायचे पैसे असतील तर ही काच घ्या.

दुसरा बदल पंखांच्या मुळाशी, वरच्या बाजूला. शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी जळते फ्लेअर सोडणाऱ्या यंत्राचे उंचवटे दोन्हीकडे आले. हे रेझिनमध्ये छान मिळतात, पण प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापून स्वतःलाही करता येण्यासारखे आहेत. अवघड आहे ते पंख आणि धड यांच्या वळणावर त्यांचा तळ नीट टेकवणं.

तिसरा बदल आतला. नाकातल्या शंकूत कोप्यो रडार आलं, कॉकपिटमध्ये जुन्या नेमदर्शकाच्या जागी हेड-अप डिस्प्ले आला, म्हणजे वैमानिकाला समोर पाहतानाच माहिती दाखवणारी काच. पॅनेलवर पडदा आला. कॉकपिटचे रेझिन संच फार देखणे असतात आणि नवखा माणूस आधी तेच विकत घेतो. पण १/७२ मध्ये, झाकण बंद ठेवणार असाल तर, त्यातलं फारच थोडं दिसतं. झाकण उघडं दाखवणार असाल तरच तो खर्च करा.

चौथा बदल शस्त्रांचा. बायसनच्या पंखांखाली आर-७७ आणि आर-७३ ही क्षेपणास्त्रं आली. जुन्या बिसच्या किटमध्ये के-१३ किंवा आर-६० ही आधीची क्षेपणास्त्रं मिळतात. ती तशीच लावली तर बाकी सगळी मेहनत करूनही विमान एक पिढी मागचं दिसेल.

आणि क्रमांक. शेपटीजवळच्या अनुक्रमांकात बिसला नुसतं ‘सी’ हे अक्षर असतं, बायसनला ‘सीयू’. किटच्या डेकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांमध्ये, हे नसेल तर वेगळी डेकल शीट शोधावी लागते. लहान लहान अँटेना मात्र प्रत्येक विमानावर फोटो पाहूनच ठरवा. शक्य असेल तर एकच विशिष्ट क्रमांकाचं विमान निवडा आणि त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो जमवा.

## कापायचं केव्हा, कसं?

रेझिनचा भाग एका ठोकळ्याला जोडलेला येतो. ओतताना हवा वर निघून जावी आणि भाग भरून निघावा म्हणून हा ठोकळा ठेवतात. तो बारीक दातांच्या करवतीनं कापायचा आणि राहिलेलं पॉलिश पेपरवर घासायचं. कापण्याआधी भाग कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ त्यावर राहिलेला असतो, आणि त्यावर ना गोंद धरतो ना रंग. एखादा पातळ भाग वाकलेला आला तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. तो तसाच राहतो.

किटवर करवत चालवण्याआधी कापायच्या रेषेवर टेप लावा. टेपची कड करवतीला दिशा देते. रेषेच्या अलीकडे, जरासं जास्त ठेवून कापा आणि उरलेलं घासत घासत रेषेपर्यंत आणा. गोंद न लावता भाग बसवून बघायचा, घासायचा, परत बसवून बघायचा. इथे घाई केली तर नंतर पुट्टीचे थर चढवावे लागतात, आणि त्या पुट्टीखाली पॅनेलच्या सगळ्या नाजूक रेषा बुजतात. मोठ्या फटींसाठी आपल्याकडचं एम-सील चांगलं काम देतं. ओल्या बोटानं गुळगुळीत करता येतं आणि ते जवळजवळ आकसत नाही.

रेझिनवर कधीकधी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे ते. सुपरग्लूचा थेंब भरून घासलं की जातात.

## प्लॅस्टिकचा गोंद का चालत नाही?

किटचा नेहमीचा गोंद खरं तर चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मिसळवतो. पॉलियुरेथेन त्यात विरघळत नाही. म्हणून रेझिनला फेविक्विकसारखा सुपरग्लू किंवा दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी लागतो. सुपरग्लू क्षणात धरतो, त्यामुळे भाग सरकवायला वेळ मिळत नाही. जिथे जागा नीट जुळवायची आहे तिथे इपॉक्सी बरा.

पुढची काच बसवताना मात्र या दोन्हींपैकी काहीही नको. बायसनसारखी एकसंध काच बहुतेकदा रेझिनची नसते. पारदर्शक पातळ शीट तापवून, हवा ओढून, साच्यावर बसवलेली असते. सुपरग्लूच्या वाफेनं अशा काचेवर पांढरट धुकं बसतं. साधा पांढरा फेविकॉल लावा. वाळला की पारदर्शक होतो, आणि जास्तीचा ओल्या कापडानं पुसता येतो.

## वजनाचा प्रश्न

मिग-२१ तीन चाकांवर उभं राहतं, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. मॉडेलची मागची बाजू जड झाली तर ते शेपटीवर बसतं. पॉलियुरेथेन आणि पॉलिस्टायरीन यांची घनता जवळजवळ सारखीच आहे. फरक असा की किटचा भाग पोकळ असतो आणि रेझिनचा भरीव. कॉकपिट रेझिनचं केलं तर नाकाकडे वजन वाढतं, ते हवंच आहे. इंजिनाचं मागचं नळकांडं रेझिनचं घेतलं तर उलटं होतं. धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी टेपनं जोडून तोल बघा आणि नाकातल्या शंकूत शिशाचे तुकडे भरा. एकदा धड बंद झालं की ही संधी गेली.

## रेझिनची धूळ घातक असते म्हणतात, ते खरं आहे का?

हो, आणि हा मुद्दा मी कुणालाही दुर्लक्षित करू देणार नाही. घट्ट झालेला भाग हातात धरायला सुरक्षित आहे. पण घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते. पॉलिश पेपर ओला करून घासा. धूळ उडण्याऐवजी पाण्यात राहते. मास्क वापरा, तोही कापडाचा नको, एन-९५ घ्या. ज्या टेबलावर घरातले जेवतात तिथे हे काम नको, आणि लहान मुलं जवळ असताना तर नकोच. स्वतः रेझिन ओतणार असाल तर काळजी आणखी वाढते. न घट्ट झालेल्या द्रवात आयसोसायनेट असतात आणि त्यांच्यामुळे दम्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले, एवढं तरी हवंच.

## थ्रीडी प्रिंटर असताना हे सगळं कशाला?

रास्त प्रश्न आहे, आणि उत्तर झपाट्यानं बदलतं आहे. ज्या चेक कंपन्यांनी रेझिन ओतून नाव कमावलं, त्यातल्या काही आता अनेक भाग थेट प्रिंट करून विकतात. आज कित्येक ‘मास्टर’सुद्धा संगणकावर आखून प्रिंटच केलेले असतात. प्रिंटरचंही रेझिनच असतं, फक्त ते वेगळं. प्रकाशानं घट्ट होतं. बारकाव्यांत ते ओतलेल्या भागाला मागे टाकतं. पण त्यावर बारीक थरांच्या रेषा राहू शकतात, आधाराच्या काड्या तोडताना भाग मोडू शकतो, आणि पुष्कळदा ते ठिसूळ असतं. कापणं, धुणं, चिकटवणं, धुळीची काळजी यातलं काहीच टळत नाही. घरी प्रिंटर असेल तर फ्लेअरचे उंचवटे स्वतः आखून काढा. पुढची काच मात्र त्यावर चांगली निघत नाही.

कुणी म्हणेल, एक संच आणावा, त्याचाच रबरी साचा करावा आणि मित्रांसाठी दहा प्रती काढाव्यात. हे करू नका. मूळ कारागिरानं महिनोन्‌महिने मापं घेऊन मास्टर केलेला असतो आणि त्याची एकूण विक्रीच थोडी असते. शिवाय रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. प्रतीची प्रत काढली की ती आणखी लहान होते. १/७२ मध्ये अर्धा मिलिमीटर कमी पडला की काच आणि धड यांच्यामध्ये फट उघडी पडते.

## प्रत्येक विमानाचं कन्व्हर्जन करावं का?

नाही. बिसचं बायसन करणं शहाणपणाचं आहे कारण प्रत्यक्षातही सांगाडा तोच राहिला. आता नॅट हे छोटं लढाऊ विमान घ्या. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों ज्या विमानातून लढले, ते एका वैमानिकाचं नॅट. १/७२ मध्ये सहज सापडतं ते एअरफिक्स या किट कंपनीचं नॅट मात्र दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे. बघणाऱ्याला वाटतं, मागचं आसन बुजवलं, छोटी काच लावली की झालं.

पण मापं काढा. एक आसनी नॅटच्या पंखांचा विस्तार सुमारे ६.७३ मीटर, प्रशिक्षण विमानाचा ७.३२. मॉडेलमध्ये ९३ मिलिमीटर आणि १०२ मिलिमीटर. लांबीत जवळपास एक मीटरचा फरक, म्हणजे मॉडेलमध्ये १३ मिलिमीटर. पंखाचं क्षेत्रफळ प्रशिक्षण विमानात पाव पटीहून जास्त मोठं. म्हणजे पंख नवे, शेपटी नवी, धडाचा मोठा भाग नवा. एवढं सगळं बदलल्यावर मूळ किटमधून चाकं आणि थोडे लहान भाग उरतात. अशा वेळी एक आसनी नॅटचं पूर्ण रेझिनचं किट शोधावं. ते महाग पडेल, पण ज्याचं काहीच वापरायचं नाही असं दुसरं किट विकत घेऊन कापावं लागणार नाही.

कुठल्याही विमानासाठी हाच हिशेब करा. दोन्ही प्रकारांचे वरून आणि बाजूनं काढलेले आराखडे १/७२ मध्ये छापून घ्या, एकावर एक ठेवा आणि खिडकीच्या काचेवर धरा. रेषा जुळल्या आणि फक्त काही जागी वेगळ्या झाल्या, तर रेझिनचा संच मागवा. पंखांची टोकंच जुळली नाहीत, तर करवत पेटीतच राहू द्या.